थोरलीचा खांदा, धाकटीचं कार्ड

कागदावर जखमी होती धाकटी. दुखत होतं थोरलीला. या दोन वाक्यांच्या फटीत एक अख्खं घर महिनाभर अडकून पडलं होतं.

दोघी सख्ख्या जावा, आणि दोघी एकाच धुलाई कारखान्यात. थोरली सकाळपाळीला, धाकटी दुपारपाळीला. हॉटेलांच्या आणि इस्पितळांच्या चादरी तिथे येतात, धुतल्या जातात आणि ओलसर असतानाच गरम रोलरवर चढतात. रोलरच्या तोंडाशी दोन बायका उभ्या. एकेकीने एकेक टोक धरायचं, दोन्ही हात डोक्यावर न्यायचे, चादर हवेत एकदा झटकायची आणि सुरकुती पडायच्या आत रोलरच्या हवाली करायची. मिनिटाला चार चादरी. पाळीभरात हात किती वेळा वर गेले ते कारखाना मोजत नाही. ते काम खांदे करतात.

कारखान्यात एक रीत होती. तिला बायका ‘उभं राहणं’ म्हणत. एखादीच्या घरी पाहुणे आले, एखादीची दाढ दुखली, की दुसरी तिचं कार्ड घड्याळात घालून तिच्या जागी उभी राही. आज तू माझ्यासाठी, उद्या मी तुझ्यासाठी. हिशेब तोंडी, पण असा पक्का की स्वतःच्या लग्नाची तारीख विसरतील, कोण कुणासाठी किती वेळा उभी राहिली ते विसरणार नाहीत. मुकादमाला हे ठाऊक होतं. “मी तोंडं बघत नाही, चादरी बघतो,” असं म्हणून तो हजेरीपटावर सही ठोकायचा.

त्या मंगळवारी धाकटीला नुसती झोप येत होती. सांगण्यासारखं दुसरं कारण नव्हतं, आणि तिने ते शोधलंही नाही. पाळी बदलायच्या वेळी तिने फाटकाशीच थोरलीला गाठलं.

“जाऊबाई, आज डोळेच उघडत नाहीत हो. राहता का उभ्या?”

“उघडे असताना तरी काय दिवे लावतेस? जा, झोप. पण माझे तीन झाले, लक्षात ठेव.”

थोरलीने आपलं कार्ड बाहेर काढलं, धाकटीचं आत घातलं आणि पुन्हा रोलरवर जाऊन उभी राहिली. पाचच्या सुमारास ओल्या चादरींनी भरलेली ढकलगाडी उतारावरून सुटली. समोर दोन बायका पाठमोऱ्या वाकलेल्या. थोरलीने धावत जाऊन गाडीचा दांडा उजव्या हाताने धरला. गाडी थांबली, पण त्याआधी चार पावलं तिचा हात घेऊन गेली.

मुकादमाने अपघाताची चिठ्ठी हजेरीपटावरून भरली. पटावर ज्या कार्डाचा ठसा, तिचं नाव. दवाखान्यातल्या डॉक्टरने चिठ्ठीवरून केसपेपर भरला, क्ष-किरणवाल्याने केसपेपरवरून पाकिटावर नाव घातलं. असं एकाचं बघून दुसऱ्याने लिहीत लिहीत थोरलीचा खांदा संध्याकाळपर्यंत धाकटीचा होऊन गेला. “हाड शाबूत आहे,” डॉक्टर म्हणाला. “आतला स्नायू फाटलाय. दोन आठवडे हात झोळीत, मग फिजिओथेरपी. कामावरचा अपघात आहे, विमा देईल. काळजी नको.”

परतताना गाडीत मुकादम हळूच म्हणाला, “दुसरीचं कार्ड घालणं म्हणजे बडतर्फी, दोघींची. आणि सही माझी, म्हणजे माझीही धडगत नाही. कुणाच्या का नावाने होईना, उपचार झाल्याशी कारण.”

थोरलीला त्या क्षणी खांद्यापलीकडचं काही ऐकू येत नव्हतं. ती हो म्हणाली.

उपचार ‘कुणाच्या का नावाने’ होत नाहीत, हे दुसऱ्या सकाळपासून कळायला लागलं. कागदावर धाकटी जखमी, म्हणून धट्टीकट्टी धाकटी घरी बसली आणि तिचा अर्धा पगार विम्यातून चालू झाला. थोरली मात्र कागदावर ठणठणीत, तेव्हा तिला कामावर हजर राहणं भाग. तिची साठवलेली सव्वीस दिवसांची रजा होती. आत्याबाई आजारी आहेत असं कळवून तिने ती सगळी टाकली. ती आत्या जाऊन सात वर्षं झाली होती. मेल्यावरही भाचीच्या उपयोगी पडली.

गल्लीत कारखान्यातल्या आणखी चार जणी राहायच्या. म्हणून दुकानात जायचं झालं की धाकटी थोरलीच्या गळ्यातली झोळी काढून आपल्या गळ्यात घाली, उजवा हात त्यात ठेवी आणि डाव्या हाताने पिशवी सांभाळत चेहरा पाडून जाई. घरी आली की झोळी परत थोरलीच्या गळ्यात. तेवढा वेळ थोरली उशीवर हात टेकून दाराआड बसून राही.

“एकीचा हात गेला की दुसरीच्या गळ्यात झोळी,” सासूबाई म्हणाल्या. “एवढी माया जावांमध्ये मी उभ्या जन्मात पाहिली नाही.”

दोघींचे नवरे लांबच्या बांधकामावर होते, दोन महिन्यांनी येणार. त्यांना फोनवर यातलं काही सांगायचं नाही, असं ठरलं. तोंड दाबून बुक्क्यांचा मार, पण निदान घरातल्या घरात.

पंधराव्या दिवशी विमा कचेरीचं पत्र आलं. फिजिओथेरपीची बारा सिटिंग मंजूर. ठरवून दिलेल्या केंद्रातच जायचं, फोटो असलेलं ओळखपत्र दाखवायचं. सहाव्या सिटिंगनंतर केंद्राचा अहवाल. सुधारणा दिसली तर पुढची सहा. तळाशी बारीक अक्षरात: अपघाताच्या कागदपत्रांत काही दुरुस्ती असल्यास अपघातापासून तीस दिवसांच्या आत.

फोटो धाकटीचा. थोरली हनुवटीपासून कपाळापर्यंत कुठूनही धाकटीसारखी दिसत नव्हती. स्वतःच्या खिशातून जावं, तर एका सिटिंगला दीड दिवसाची मजुरी. आणि तिची रजा संपत होती बरोबर तिसाव्या दिवशी. त्यानंतर रोलरसमोर उभं राहून दोन्ही हात डोक्यावर न्यायचे होते. आता तर त्या हाताने चमचा तोंडापर्यंत नेतानाही तिचा श्वास अडकत होता.

“मी जाते,” धाकटी म्हणाली.

“जाऊन काय करणार? तुझा खांदा मालीश करून आणणार?”

“शिकून येते. ती बाई मला जे करायला लावेल ते संध्याकाळी मी तुमच्याकडून करून घेईन.”

“शाळेत असताना तुला पाढे पाठ झाले नाहीत.”

“पाढ्यांनी कुणाचा हात वर जात नव्हता.”

केंद्र एका इमारतीच्या पहिल्या मजल्यावर होतं. भिंतीवर शिडीसारख्या पट्ट्या, छताला कप्पी, तीन टेबलं. फिजिओथेरपी करणारी बाई तिशीची, बोलायला मऊ, पंजे सुताराचे. धाकटीने तिच्यासमोर हात उचलला. केवढा उचलायचा हे तिने आदल्या संध्याकाळी पाहून ठेवलं होतं: थोरलीचं कोपर छातीच्या खालच्या बरगडीपर्यंत येई, मग खांदा कानाकडे चढे आणि खालचा ओठ दाताखाली जाई. धाकटीने कोपर तेवढंच आणलं, खांदा चढवला, ओठ चावला. बाईने कोनमापक लावून लिहिलं, पंचावन्न अंश.

या घरातली सर्वांत प्रामाणिक नोंद तीच असावी. अंश खरा होता, दुखणं खरं होतं. माणूस तेवढं बदललं होतं.

मग तोच क्रम लागला. संध्याकाळी थोरलीचा हात जेवढा वर जाई तेवढाच सकाळी केंद्रात धाकटीचा. आणि सकाळी केंद्रात जे होई ते संध्याकाळी घरी. भिंतीवर बोटं चालवत चढायचं; झाडूचा दांडा दोन्ही हातांत धरून चांगल्या हाताने दुखऱ्याला वर ढकलायचं; टेबलावर वाकून हात लंबकासारखा सोडायचा. भिंतीवर सासूबाईंनी खडूने खुणा केल्या. धाकटी बाईच्याच मऊ आवाजात सांगे, “श्वास सोडा. खांदा खाली. घाई नको.”

“घाई नको काय? माझे अकरा दिवस राहिले.”

“बोलू नका. बोललं की खांदा चढतो.”

“सासूबाई, हिला डॉक्टर म्हणायचं का आता?”

“म्हण,” सासूबाई म्हणाल्या. “फुकट आहे तोवर म्हणून घे.”

पंचावन्नाचे सत्तर झाले, सत्तराचे ऐंशी. तिसऱ्या सिटिंगला बाई म्हणाली, “छान चाललंय तुमचं, घरी करता वाटतं.” धाकटीला इतका आनंद झाला की ती क्षणभर विसरलीच, हा आनंद कुणाचा आहे.

मग खूण पुढे सरकेना. ऐंशीच्या वर हात गेला की थोरलीच्या खांद्यात काहीतरी दार लावल्यासारखं अडायचं. अकरा दिवस राहिले होते त्याचे आता सहा झाले होते. धाकटी घाबरली, आणि घाबरलेलं माणूस जोर लावतं. तिने थोरलीला भिंतीशी उभं केलं आणि कोपराखालून हात वर दाबला. थोरलीने आवाज केला नाही, कारण भिंतीपलीकडे कारखान्यातलीच एक राहत होती. पण रात्रभर ती बसून राहिली, आणि सकाळी हात सत्तरवर होता.

धाकटीने दुसऱ्या दिवशी पुन्हा दाबला. सकाळी पासष्ट.

सहाव्या सिटिंगला धाकटीने केंद्रात पासष्ट अंश हात उचलला. बाईच्या कपाळाला आठी पडली. “मागे गेला? झोपा जरा टेबलावर.”

आजवर बाईने तिला स्वतः करायला लावलं होतं. आज तिने धाकटीचा हात आपल्या पंज्यात घेतला, एक तळवा खांद्याच्या गोलाव्यावर ठेवला आणि म्हणाली, “तुम्ही काही करू नका, सैल सोडा.” धाकटी ओठ चावायच्या तयारीत असतानाच हात लोण्यातून सुरी जावी तसा वर गेला, कानाला लागला, उशीवर टेकला. बाईने तो खाली आणून पुन्हा वर नेला. मग बाजूने. मग कोपर वाकवून फिरवून पाहिला.

“दुखलं?”

“हो,” धाकटी म्हणाली. उशीर झाला होता.

बाई स्टूल ओढून बसली. “दुखल्याचं नाटक करता येतं. सांधा नाटक करत नाही. या खांद्याला कधी काही झालेलंच नाही. मला आता अहवालात हेच लिहावं लागणार, आणि मग विमावाले तुम्हाला खोटं दुखणं दाखवून पैसे खाल्ले म्हणून धरणार. का केलंत?”

धाकटी टेबलावर उठून बसली. तिने या प्रश्नाची उत्तरं घोकून ठेवली होती, पण तोंडातून भलतंच निघालं.

“बाई, एखादीचा हात ऐंशीवर अडला, आणि घरच्यांनी रोज दाबला, आणि रोज खाली खाली येत गेला, तर ते कशानं?”

बाईने स्टूल जवळ सरकवलं. “दाबणारं कोण आहे?”

“मी.”

“मग आजपासून दाबू नका. फाटलेला स्नायू तुम्ही पुन्हा चिडवताय. सांधा आखडायला लागलाय. तो आतून हलके हलके सुटा करावा लागतो, शिकलेल्या हाताने, आणि लवकर. तीन-चार महिने गेले तर हात तिथेच राहतो.”

“तिथेच म्हणजे?”

बाईने आपला हात छातीइतका उचलून धरला. “इथे.”

तेव्हा धाकटीने सगळं सांगितलं. कार्ड, गाडी, झोप, झोळी, खडूच्या खुणा. शेवटी बाई म्हणाली, “मी तुमच्या जावेला इथे घेऊ शकते, पण तिच्याच नावावर. दुसऱ्याच्या नावाच्या कागदावर मी हात टाकला तर मला उद्या हे काम करता येणार नाही. अहवाल परवा संध्याकाळी जातो. परवा संध्याकाळपर्यंत मी तो लिहीत नाही, एवढंच माझ्या हातात आहे.”

परवा म्हणजे एकोणतिसावा दिवस.

घरी थोरलीने सगळं ऐकलं आणि एका शब्दात निकाल दिला. “नाही.”

“जाऊबाई, हात राहील तसाच.”

“राहू दे. एका खांद्यापायी दोन नोकऱ्या घालवायच्या? रजा संपली की मी रोलरवर जाते. डाव्या हाताने रेटीन.”

“डाव्या हाताने? रोलर काय तुमची सून आहे, सांभाळून घ्यायला?”

“सुनेनं तरी कुठे सांभाळलंय?” सासूबाई पुटपुटल्या, पण या वेळी कुणी हसलं नाही.

“तुला शपथ आहे,” थोरली म्हणाली. “सांगितलंस तर मी तुझ्याशी जन्मात बोलणार नाही.”

“नका बोलू. हात वर गेला की थोबाडीत मारा हवं तर.”

एकोणतिसाव्या दिवशी धाकटी एकटी विमा कचेरीत गेली. खिडकीमागच्या कारकुनाने तिचा अर्ज दोनदा वाचला, चष्मा काढला.

“म्हणजे हा अपघात तुमचा नाही, असं तुमचं म्हणणं?”

“नाही.”

“बाई, लोक इथे अपघात मागायला येतात. परत करायला आलेल्या तुम्ही पहिल्याच. अपघाताच्या वेळी कुठे होतात?”

“घरी. झोपले होते.”

“पुरावा?”

“झोपेचा काय पुरावा देऊ? सासूबाई आहेत. घोरते म्हणून सांगतील.”

कारकून हसला, आणि हसतानाच त्याने रकाने भरायला घेतले. त्याला दोन्ही कामं एकदम जमत असावीत. साक्षीदार लागेल, तो म्हणाला. धाकटी तयारीने आली होती. गाडीसमोर ज्या दोघी पाठमोऱ्या वाकलेल्या होत्या, त्यांतल्या एकीने सही दिली होती. दुसरीने दार उघडून, ऐकून घेऊन, दार लावलं होतं. विम्याने दिलेला अर्धा पगार परत करावा लागेल, कारकून म्हणाला. धाकटीने मान हलवली. तिने सही केली तेव्हा कचेरीच्या घड्याळात साडेतीन वाजले होते. तिथून ती धावत केंद्रात गेली आणि अर्जाची पोच बाईच्या टेबलावर ठेवली.

पुढचं सगळं नियमाप्रमाणे झालं. मुकादमाने लिहून दिलं की आपल्याला काहीच कल्पना नव्हती. त्याला ताकीद मिळाली. धाकटीला चौथ्या दिवशी काढून टाकलं. थोरलीलाही काढायचं होतं, पण उपचार चालू असलेल्या जखमी कामगाराला हात लावता येत नाही, असा दुसरा नियम निघाला. म्हणून तिची चौकशी उपचार संपल्यावर. अकराव्या दिवशी थोरलीच्या नावाने पत्र आलं: बारा सिटिंग मंजूर.

या अकरा दिवसांत थोरली धाकटीशी एक अक्षर बोलली नाही. जे काही सांगायचं ते सासूबाईंमार्फत.

“तिला म्हणावं भाजीत मीठ कमी आहे.”

“तुझ्या हाताजवळ बसलीये ती. मला काय टपाल खातं समजतेस?”

“तिला म्हणावं मी कुणाला काही समजत नाही.”

पहिल्या सिटिंगला मात्र धाकटी न विचारता बरोबर गेली आणि बाहेरच्या बाकावर बसली. आत बाईने थोरलीच्या खांद्यावर तळवा ठेवला. हात साठावर अडला. बाईने बराच वेळ बोटांनी खांद्याच्या कडेने चाचपून पाहिलं.

“उशीर झालाय. बराचसा परत येईल. सगळा येईल असं मी लिहून देणार नाही.”

“बराचसा म्हणजे चादर झटकण्याइतका?”

“ते बाराव्या सिटिंगला विचारा.”

“बाराव्या सिटिंगला मला दुसरेच लोक प्रश्न विचारणार आहेत,” थोरली म्हणाली.

बाईने हात हलके ओढून, थांबून, थोडा वर नेला. थोरलीने दात आवळले. बाई म्हणाली, ओरडायचं असेल तर ओरडा, इथे कुणी शेजारी नाही. थोरलीने डोळे मिटले आणि इतक्या जोरात ओरडली की बाहेरचा बाक हलला.

“कुठे मेलीस गं? आत ये!”

धाकटी आत आली. बाईने तिला मानेनेच थोरलीचा डावा हात धरायला सांगितलं. थोरलीने तो असा आवळला की धाकटीची बोटं पांढरी पडली.

“शहाणी! नोकरी घालवून बसलीस!”

“बसले.”

“विचारलं होतंस मला?”

“विचारलं होतं. तुम्ही नाही म्हणालात.”

“मग?”

“मग काय. नाही विचारल्यासारखं केलं.”

“तुझ्या नवऱ्याला काय सांगणार आहेस?”

“तुम्हीच सांगा. थोरल्या आहात.”

“श्वास सोडा,” बाई म्हणाली. “खांदा खाली.” तिने कोनमापक लावलं. सदुसष्ट.

बाहेर पडल्यावर दोघी घराच्या वाटेला लागल्या. थोरलीच्या हातात नवं कार्ड होतं, तिच्या स्वतःच्या नावाचं, त्यावर बारा चौकोन आणि पहिल्यात बाईची सही. अकरा राहिले होते. ते भरत जातील तसा हात वर जाणार होता आणि चौकशी जवळ येणार होती, आणि दोन्हींतलं काय आधी पोहोचेल हे कुणालाच सांगता येत नव्हतं.

“परवा दहाला बोलावलंय,” थोरली म्हणाली. “कोण येणार बरोबर?”

“मीच. मला आता दुसरं काय काम आहे?”

थोरली थांबली. तिने कार्ड धाकटीकडे दिलं. “तूच ठेव. माझ्याकडून हरवेल.”

धाकटीने ते घेतलं, दोन्ही बाजूंनी उलटून पाहिलं, नाव वाचलं आणि पर्समध्ये ठेवून दिलं.